लिव्हर कोणाला दाखवायचं?

एकट्या बाईजवळ किस्से फार साचतात. ऐकायला घरात कोणी नसलं, की ते जातील कुठे? माझ्याकडचे सगळे नागपूरच्या एका कॅन्सर वॉर्डातले. मी सानगडी गावची. शाळा तिसरीत सुटली, पुढचं माझं मी वाचलं.

*

माझ्या आतड्यातली गाठ आधीच काढली होती, पण रोग लिव्हरच्या उजव्या भागात पोचला. सर्जन कागदावर चित्र काढून समजावू लागले. उजवा भाग कापायचा, पण डावा फार लहान. म्हणून आधी उजवीकडची रक्ताची नळी बंद करायची, मग डावा वाढेल.

मी म्हटलं, "म्हणजे तलावाचं पाणी शेतातल्या एका बांधीले बंद करून दुसरीले सोडता. चाळीस वर्षं धानाले हेच केलं मी. पुढं सांगा."

सर्जनांनी पेनला टोपण लावलं.

*

बाजूच्या खाटेवर कौसल्या. तुमसरच्या राईस मिलमध्ये जन्म काढलेली. रोग तोच, पण तिचं लिव्हर दोन्हीकडून गेलेलं. कापण्यासारखं नव्हतं. पोटाला शौचाची पिशवी.

एकदा राऊंडला मोठे डॉक्टर बोलत असताना त्या पिशवीतून दणकून आवाज आला. कौसल्या पिशवीला म्हणाली, "थांब ना माय, साहेबाचं होऊ दे आधी!"

*

महिनाभराने स्कॅनमध्ये माझं डावं वाढलेलं दिसलं. ऑपरेशन ठरलं. फॉर्मवर 'जवळचा नातेवाईक' होतं, तिथे मी माझंच नाव लिहिलं. नातं: स्वतः.

सिस्टर म्हणाली, असं चालत नाही, माणूस नसेल तर तारीख जाईल. म्हणून पुण्यातल्या माझ्या मुलाला फोन केला. त्याने विचारलं, थोडं पोस्टपोन होईल का? लिव्हरला विचारून सांगते म्हटलं आणि ठेवला.

मग कौसल्याने अंगठा पुढे केला. ही तर स्वतःच पेशंट, सिस्टर कुरकुरली.

"मी कुठं जाऊन राहिली?" कौसल्या म्हणाली. "चोवीस घंटे इथंच तं आहो. असा अटेंडंट दाखवा वॉर्डात!"

सिस्टरने शाईचं पॅड दिलं.

*

कापलेला भाग ट्रेमध्ये आणून नातेवाईकाला दाखवायचा, अशी तिथली रीत. तिसऱ्या दिवशी मी नीट शुद्धीवर आले. कौसल्या खाटेशी बसलेली.

"माझं कोणाले दाखवलं?"

"मले. पिशवी धरून दरवाज्यापाशीच उभी होती. साहेब म्हणे, घरचं कोण आहे? म्हटलं, दाखवा, मीच आहो."

"कसं होतं?"

तिने दोन्ही हातांनी माप दाखवलं. मग पिशवीची क्लिप चाचपत बसली.

"माझं कापता आलं असतं ना बाई," ती म्हणाली, "तं तुलेच दाखवलं असतं."