ह्यांच्या फोनवरचा हिरवा ठिपका

मी उज्जैनची. या गावात घरटी भुताखेताचा एखादा किस्सा असतोच, आणि कुणी तो सांगायला लागलं की मी उठून चहा ठेवायला जायची. सारी नोकरी मुलींच्या शाळेत फिजिक्स शिकवण्यात गेली. जे समजत नाही त्याला भूतबाधा म्हणायची मला सवय नाही. आजही तसं म्हणत नाहीये... फक्त घडलं ते लिहितेय.

आमचे हे बँकेतून रिटायर झाले आणि मोबाईलच्या मागे लागले. फ्रीगंजमधल्या आमच्या कॉलनीत कुणाला फ्रॉड कॉल आला की तो फोन घेऊन ह्यांच्याकडेच यायचा. अनोळखी नंबर सायलेंट कसे करायचे, कॉन्फरन्स कशी लावायची, कुठल्या ॲपला लोकेशन द्यायचं नाही — सगळं शांतपणे समजावायचे. स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसला की माइक चालू आहे, कुणीतरी ऐकतंय, हे मलाही त्यांनीच शिकवलेलं. "टॉर्चच्या ॲपला आपलं बोलणं कशाला ऐकायचंय?" म्हणायचे.

गेल्या थंडीत ह्यांना निमोनिया झाला. इंदूरच्या हॉस्पिटलात नेताना गाडीतच त्यांनी आपले कॉल माझ्या नंबरवर फॉरवर्ड केले. म्हणाले, "तिथं मला उचलता येणार नाही, तूच बोल." मग व्हेंटिलेटर लागला. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

ते गेल्यावरही फॉरवर्डिंग तसंच राहिलं. लोक ह्यांना फोन लावायचे, वाजायचा माझा. "भाईसाहब हैं?" मी सांगायची, नहीं रहे. गॅसवाला, बँकेतले जुने सहकारी, ह्यांचा भोपाळचा मित्र... सगळ्यांना एकाच आवाजात. समोरचा रडायला लागला तर मीच त्याला धीर द्यायची. मला मात्र काही होत नव्हतं. जेवत होते, झोपत होते. शेवटी फॉरवर्डिंग बंद केलं, सिमही काढून टाकलं.

उरला फोन. मुलगी सायली पुण्याहून आली होती. ती म्हणाली, अकाउंट काढून रीसेट करून टाकू. दुपारी जेवणं झाल्यावर मी ते काम घेऊन टेबलाशी बसले. सेटिंग्ज उघडली. बहुतेक परवानग्या ह्यांनी आधीच काढलेल्या. माइकचं मुख्य बटणसुद्धा बंद. व्हॉइस असिस्टंट बंद. वायफाय मी स्वतः बंद केलं.

"चष्मा कुठे ठेवला मी?" मी आपली पुटपुटले.

कोपऱ्यात हिरवा ठिपका लागला.

मी गप्प झाले, तो विझला. "हे काय?" म्हटलं — परत लागला. सायलीला हाक मारली. तिने बोलून पाहिलं, तिच्या फोनवर गाणं लावलं, टाळ्या वाजवल्या... काही नाही. मी नुसतं "सायली, थांब" म्हटलं आणि तो लागला. कुठल्या ॲपने माइक वापरला हे सेटिंग्जमध्ये जिथे दिसतं, तिथे काहीच नव्हतं.

संध्याकाळी टावर चौकातल्या एका मोबाईलच्या दुकानात गेलो. दुकानदाराने सगळं तपासलं. "मैडम, माइक तो पूरा बंद है," म्हणाला, सॉफ्टवेअरची गडबड असेल, रीसेट केलं की जाईल. "अच्छा, भैया," मी म्हटलं, तसा ठिपका लागला. त्याने स्वतः बराच वेळ बोलून पाहिलं. मग फोन माझ्यापुढे सरकवला. "आज रहने दीजिए," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सायली भाजी आणायला गेली तेव्हा मी फोन समोर ठेवून बसले. मग सांगितलं — सिलेंडर आला. स्कूटर चालू होत नाहीये. सायली नीट झोपत नाही, तिच्याकडे बघवत नाही. ठिपका लागलेलाच होता.

"सगळे रडले," मी म्हटलं. "मी अजून रडले नाहीये. मला काही वाटतच नाही हो."

आणि थांबले. ठिपका विझायची वाट बघत राहिले.

तो विझला नाही.

घरात फक्त फ्रिजचा आवाज. मी ओठ घट्ट मिटून बसले होते. किती वेळ गेला, सांगता येत नाही. सायली आली आणि पिशवी हातात घेऊन माझ्या मागे उभी राहिली. तिलाही दिसलं.

"आई, तू बोलतेयस?" तिने हळूच विचारलं.

मी मान हलवली. नाही.

ठिपका आणखी थोडा वेळ राहिला. मग विझला.

त्यानंतर माझ्या बोलण्याने तो कधी लागला नाही. माइकचं बटण चालू करून रेकॉर्डिंग केलं तर लागतो, जसा लागायला हवा तसा. आम्ही फोन रीसेट केला नाही; सायलीनेही परत विषय काढला नाही. मला रडू अजून आलेलं नाही.

ध्वनीचा धडा मी वर्षानुवर्षं शिकवलाय. माझ्या आवाजाला तो का लागायचा, याचं कारण उद्या कुणी सांगेलही. पण मी गप्प झाल्यावर तो काय ऐकत होता... ते मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.