दिगंबरच्या पंपाचं सील

किस्से कोन मुद्दाम गोळा करत न्हाई, ते साचतात. गाडी एका जागी उभी केली की खाली ऑइलचा काळा डाग पडतो ना, तसंच. आमचा गौलीगुड्याचा स्टँड बस स्टेशनच्या मागं. गाड्या तिथं उभ्या आन् आम्ही ड्रायव्हर लोक समोर इराण्याच्या हाटेलात. तिथं साचलेत हे. हसू आलं तर हसा. मला आता येत न्हाई.

आधी मामला समजून घ्या. तवा माधापूरकडं काचेच्या बिल्डिंगी उठायला लागल्या व्हत्या. कंप्युटरवाली पोरं-पोरी सकाळी घरून उचलायची, तिकडं नेऊन सोडायची, हे आमचं काम. गाड्या आमच्या न्हाईत. एक कंपनी लीजवर द्यायची. करार सरळ पार पडला की गाडी आपल्या नावावर. डिझेल जीप. तिच्या डिझेल पंपाला एक स्क्रू असतो. तो जरासा फिरवला की इंजिनात डिझेल जास्त जातं आन् गाडी पळती. कंपनीनं त्या स्क्रूला तार गुंडाळून शिशाचं सील ठोकलेलं. सील तुटलं की गाडी कंपनीकडं जमा!

म्हनून स्टँडवर भांडन एकच. पंप खोलायचा, म्हंजी सील तोडून स्क्रू फिरवायचा, का न्हाई?

मी खोलला. लपून न्हाई, भर स्टँडवर, सगळ्यांच्या म्होरं पाना लावून. चढ बघून धापा टाकनारी गाडी मला नको. कंपनीनं गाडी उचलून नेली. न्या म्हनलं! तवापासून दुसऱ्याच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर हाय.

दिगंबर माझ्या उलटा. आमच्या बिदरकडचाच, माझ्याहून लहान, मला मामा म्हनायचा. म्हनला, "मामा, मी हात लावनार न्हाई. मला गाडी पायजे."

* * *

दिगंबरची गाडी स्टँडवरची सगळ्यात मठ्ठ. बंजारा हिल्सचा चढ आला की पयला गियर, दोन्ही हात स्टेअरिंगवर, आन् तोंडानं "चल गं बाई, चल गं बाई."

एकदा गाडी भरलेली. मधीच दम तुटला. दिगंबर मागं वळून म्हनला, "साहेब लोकहो, जरा जड जड मानसं उतरता का? वर गेल्यावर परत घेतो."

आता जड कोन, हे कोन कबूल करनार? सगळे एकमेकांच्या पोटाकडं बघायले! शेवटी दोघं उतरले आन् चालत निघाले. गाडीच्या आधी वर पोचले!

त्यातला एक पुन्याचा पोरगा व्हता. चष्मा पुसत म्हनला, "काका, एक विचारू? गाडी आम्हाला आणते का आम्ही गाडीला आणतो?"

स्टँडवर हे कळल्यावर मी दिगंबरला म्हनलं, "अरे, मिशीवाला मानूस तू! पोरगं तुझी लाज काढतंय. खोल तो पंप!"

"काढू दे मामा. लाज माझी हाय, गाडी कंपनीची हाय."

* * *

यादगिरीनं खोलला. हा वरंगलकडचा, जिभेला हाड न्हाई. अफझलगंजात मस्तानभाई मिस्त्रीच्या शेडात जाऊन खोलून आला आन् स्टँडवर ओरडला, "अन्ना, गाडी नहीं, विमान है विमान!"

पळायची खरी. पन मागून धूर असा काळा निघायचा की पाठीमागच्याला दिवसा लाइट लावायला लागायचा.

एक दिवस सिग्नलला उभा ऱ्हायला. मागं लग्नाची वरात. घोड्यावर नवरदेव, पांढरी झक शेरवानी. सिग्नल सुटला, यादगिरीनं ॲक्सिलेटर दाबला. धूर गेल्यावर बघतो तर नवरदेव काळा, घोडा काळा, बँडवाल्याचं पितळ काळं!

नवरदेव घोड्यावरूनच बोंबलला, "अरे मियाँ, मेरी शादी है, मैयत नै!"

* * *

ह्या मस्तानभाईचा खरा धंदा पंप खोलायचा नव्हता. खोलन्याला काय, पाना लागतो. त्याचा धंदा सीलचा. जुन्या बॅटरीचं शिसं वितळवायचा, तार ओवायचा, वर कंपनीचा ठप्पा मारायचा. ओरिजिनलच्या आईनं बघितलं तरी वळखनार न्हाई!

एका नव्या ड्रायव्हरनं हातात घेऊन बघितलं. "भाई, मस्त चमकता है!"

मस्तानभाईनं ते त्याच्या हातातून हिसकलं, गियर ऑइलमधी बुडवलं, चुलीची राख चोळली, मातीत लोळवून पार मळवलं आन् परत दिलं.

"चमकता वो पकड़ा जाता, बेटा. मैं सील नै बेचता. मैल बेचता."

* * *

एकदा कंपनीचे टायवाले साहेब स्टँडवर आले. आम्हाला मेंटेनन्स शिकवायला. अर्धं इंग्रजीत, अर्धं हिंदीत. "इंजिन को हाथ मत लगाओ. सील टूटा तो गाड़ी जमा. रूल मतलब रूल."

माझं डोकं सरकलं. मी म्हनलं, "साहेब, ते ऱ्हाऊ द्या. दिगंबरच्या गाडीत बसा आन् चढावर चला. मंग बोलू."

दिगंबर माझा सदरा ओढायला, "मामा, गप बसा ना!" मी कुठला गपतो. साहेबाला बसवलं. अजून चार जन मागं कोंबले. चढ आला. गाडी थरथरली, खोकली, बंद!

साहेब उतरले. बुटावरची धूळ झटकली. बॉनेटकडं बघितलं. मंग मान वर करून रस्त्याकडं बघितलं. लई येळ बघितलं.

म्हनले, "इंजिन में कुछ प्रॉब्लेम नहीं है. रोड में चढ़ाव है."

आन् रिक्षा करून निघून गेले!

* * *

दिगंबरचं त्या सीलवर जेवढं ध्यान, तेवढं बायकोवर नसंल. रोज सकाळी बॉनेट उघडायचा आन् खांद्यावरच्या फडक्यानं सील पुसायचा. तार खडी लागून तुटू नये म्हनून बायकोकडून खनाची एवढीशी पिशवी शिवून घेतली, नाडीवाली. सीलला घालायची! दसऱ्याला आम्ही स्टेअरिंगला हार घालायचो, चाकाखाली लिंबू ठेवायचो. हा आधी सीलला हळदकुंकू लावायचा.

यादगिरी म्हनायचा, "अरे, सासू है क्या वो तेरी?"

दिगंबर हसायचा. "हिच्यामुळंच गाडी घरात येनार हाय बाबा."

एकदा मला जामबागच्या पेंटरकडं घेऊन गेला. गाडीच्या मागच्या काचेवर पोरीचं नाव लिहायचं व्हतं. पेंटरनं ब्रश बुडवला. "बोला, काय लिहू?"

दिगंबरनं त्याचा हात धरला. "आत्ता न्हाई! गाडी नावावर झाल्यावर. आज फक्त जागा मोजून ठेव."

पेंटर माझ्याकडं बघायला. मी म्हनलं, "मोज बाबा. बिनइंजिनाची गाडी हाय, निदान काच तरी भारी दिसू दे."

खरंच मोजली त्यानं. टेप लावून!

* * *

करार संपला. यादगिरी आन् दिगंबर, दोघांचा एकाच दिवशी. कंपनीच्या यार्डात गाड्या तपासायच्या, सील बघायचं आन् कागद हातात. मी संगं गेलो. दिगंबरनं धुतलेली कापडं घातलेली, हातात पेढ्याचा पुडा. पोरीला सांगून आलता की संध्याकाळी पेंटरकडं जायचं.

आधी यादगिरी. त्याच टायवाल्या साहेबानं बॉनेटमधी बॅटरी मारली. सील काळंकुट्ट, वर चिखलाचा थर. मस्तानभाईचा माल! साहेब म्हनले, "ये देखो, ओरिजिनल. पास!"

यादगिरीनं मला डोळा मारला.

मंग दिगंबर. बॉनेट उघडलं. त्यानं सोताच्या हातानं नाडी सोडली, खनाची पिशवी काढली. सील असं लखलखीत की डोळ्यावर तिरीप आली.

साहेबाच्या कपाळाला आठ्या. "ये तो नया है."

"न्हाई साहेब, तेच हाय. मी रोज पुसतो."

"सील कौन पोंछता है?"

"मी, साहेब."

"और ये थैली? ये हल्दी? क्या छुपा रहे थे?"

मला ऱ्हावलं न्हाई. "ओ साहेब, चढावर ज्या गाडीतून उतरून रिक्षानं पळालात ना, तीच ही! पंप खोललेला असता तर तुम्ही पळाला असता का?"

"तुम चुप. तुम्हारी गाड़ी तो जमा है ना?" साहेबानं कंपनीच्या मिस्त्रीला हाक मारली. "सील काटो. अंदर का स्क्रू देखो. फॅक्टरी का पेंट होगा तो असली, नहीं तो नकली."

दिगंबर म्होरं झाला. "बगा साहेब, खुशाल बगा. आत काय बी न्हाई."

मिस्त्रीनं पक्कड लावली. तार कटकन तुटली. मिस्त्रीनं बॅटरी घेतली, बोटानं स्क्रू चाचपला, परत वाकून बघितलं.

"साब, पीला पेंट वैसाच है. इसको किसीने आजतलक हातच नै लगाया. सील असली था."

दिगंबर माझ्याकडं वळला. एवढ्या वर्षांत त्याला असं हसताना मी बघितलं नव्हतं. पेढ्याच्या पुड्याचा दोरा सोडायला लागला.

साहेबानं तुटलेलं सील हातात घेतलं. उलटंपालटं करून बघितलं.

"हाँ, असली था," साहेब म्हनले. "लेकिन अब तो टूट गया ना."