जिन्याखालची पीएमटी

आमच्या घराण्यात फोन ठेवताना 'या मग' म्हणायची पद्धत आहे. समोर कोण आहे, फोन कशासाठी होता, याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. बाबा तर बँकेतून वीजमंडळात तक्रार करायला फोन लावत, तरी शेवटी 'बरं, या मग' म्हणत. आता ती सवय माझ्याही तोंडात बसली आहे. तपासून झाल्यावर मी पेशंटला 'या मग' म्हणते आणि तो बिचारा दचकून बघतो.

ब्याण्णवच्या सिंहस्थाआधी आईने बाबांना टॉवर चौकातल्या एसटीडी बूथवर पाठवलं, ते पाहुणे थांबवायला. मला त्या उन्हाळ्यात पीएमटी, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, द्यायची होती. सिंहस्थात अख्खा महाराष्ट्र उज्जैनला लोटतो, आणि ज्यांचं कुणी इथे असतं ते धर्मशाळेत कशाला उतरतील? मीही बाबांबरोबर गेले होते. भुसावळच्या आत्याला, म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीला, त्यांनी नीट समजावलं. "हिची पढाई जोरात चालू आहे, घर लहान, यंदा जरा मुश्किल आहे." आत्याला ते पटलंही. मीटरवरचे लाल आकडे पळत होते. बाबांनी घाईघाईने "बरं, या मग" म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

ते आले. आत्या, तिचे यजमान, दीर, जाऊ, जावेची आई आणि शेजारचं एक जोडपं, ज्यांना आमच्यापैकी कुणी जन्मात पाहिलं नव्हतं. नानाखेड्याच्या आमच्या दोन खोल्यांत गाद्याच गाद्या झाल्या. आई बाबांशी दोन दिवस बोलली नाही.

आज हसू येतं, तेव्हा मला रडू येत होतं, कारण मला एकच चान्स होता. बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "बारावीबरोबर एकदा बैस. झालं तर उत्तमच. नाही तर बीएस्सी, आणि मग स्थळं बघायला लागू." ते काही दुष्ट नव्हते. मुलीचं वर्ष फुकट जाणं म्हणजे दूध उतू जाण्यासारखं त्यांना वाटे, बस. आणि फ्रीगंजातल्या डॉक्टरांची मुलगी, माझी शाळेपासूनची मैत्रीण, माझ्याहून एक वर्ष पुढे, ती गेल्या वर्षी थोडक्यात राहिली म्हणून सरळ ड्रॉप घेऊन इंदूरला कोचिंगला गेली होती. तिला वेगळी खोली, कूलर, छापील नोट्स. मला त्यातलं काहीही नव्हतं, तरी चाललं असतं. पण परीक्षा बिघडली तर पुढच्या वर्षी बघू, असं ती किती सहज म्हणायची! त्या 'पुढच्या वर्षी'चा मला भयंकर हेवा वाटायचा.

मी जिन्याखाली बाबांच्या स्कूटरशेजारी सतरंजी टाकून बसायला लागले. पेट्रोलचा वास, डोक्यावर सारखी चढ-उतार, आणि दर थोड्या वेळाने हाक, "बेटा, जरा चहा टाकतेस?" चहा घेऊन खोलीत जावं तर तिथे चर्चा रंगलेली. विषय माझाच. डोनेशनच्या जागा, राखीव जागा, डॉक्टरांच्या मुलांची कोचिंगं, आपल्या पोरांवर किती अन्याय होतो वगैरे. बाबाही मान डोलवत होते. त्यातला एकही माणूस आपला कप उचलून मोरीत ठेवत नव्हता. माझ्या मनात त्यांच्याबद्दल जे यायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एका दुपारी आत्या कलिंगडाच्या फोडी घेऊन जिन्याखाली आली. स्कूटरला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "काय गं, ही परीक्षा किती वेळा देता येते?"

"कितीही वेळा."

"मग तुला एकदाच का?"

मी म्हटलं, "बाबांना विचार." माझा आवाज रडवेला झाला आणि मला त्याचाच राग आला. आत्या फोडी सतरंजीवर ठेवून वर गेली.

दुसऱ्या दिवशी आमरसाची पंगत बसली होती. अन्यायाचा विषय पुन्हा निघाला. वाढता वाढता आत्या थांबली आणि म्हणाली, "अरे दादा, तू इंटरला किती वेळा बसलास?"

बाबांचा पुरीचा घास हातातच राहिला.

"दोनदा बसलास. पहिल्यांदा नापास झालास तेव्हा आपले अण्णा आईला म्हणाले, होतं असं, परत बसू दे त्याला. आणि मी मॅट्रिकला गणितात गेले तर त्याच वर्षी लग्न लावून मला भुसावळला पाठवलं. मला काही कमी पडलं नाही, हे बसलेत समोर, चांगले आहेत. पण अन्याय शोधायला तुम्हाला इंदूरपर्यंत जावं लागतं, याचं मला हसू येतं." आणि तिने बाबांच्या वाटीत शांतपणे रस वाढला.

आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पण हसू दाबताना तिचे ओठ हलत होते. बाबा खाली बघून जेवले. मी पुन्हा पुस्तकापाशी येऊन बसले, तर हात धुऊन तेही थेट जिन्याखाली आले. "लागेल तितक्या वेळा बैस," म्हणाले, आणि स्कूटर काढून बाहेर ठेवली, मला पाय लांब करता यावेत म्हणून.

मी पुस्तक मिटलं आणि भर दुपारी गाढ झोपले. उठून पाहते तर आत्याचे यजमान मोरीत कप विसळत होते.

परीक्षा मी अगदी शांतपणे दिली आणि नंबर लागला नाही. मैत्रिणीचं झालं. वाईट वाटलं, हेवाही वाटला, खोटं कशाला सांगू? मेहनत तिनेही केली होती. पण तिच्याजवळची एक गोष्ट आता माझ्याजवळही होती. मला दुसरं वर्ष होतं.

निकालाच्या संध्याकाळी बाबा मला घेऊन पुन्हा त्याच बूथवर गेले. "नाही झालं गं हिचं," त्यांनी आत्याला सांगितलं. "हो, बसतेय ना परत. नाही कशी बसणार?" मीटरचे आकडे पळायला लागले. बाबांनी 'बरं' म्हटलं आणि सवयीने तोंड उघडलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हे बघ," ते म्हणाले, "हिची परीक्षा होईपर्यंत कुणीही यायचं नाही."

पलीकडे आत्या एवढ्या मोठ्याने हसली की बूथवाल्यानेही मान वर केली.