आली खाली

बर्फावर पाय ठेवणाऱ्या प्रत्येक कॅनेडियन खेळाडूची काळजी एकट्याने वाहणारा दुसरा माणूस लीड्समध्ये नाही. मला वाटतं, कॅनडातही नसावा. हा माणूस म्हणजे हिचा मावसभाऊ. ही म्हणजे माझी बायको. ती गेल्या उन्हाळ्यात गेली. हिच्या माहेरचे सगळे त्यांना दादा म्हणतात म्हणून मीही दादा म्हणतो, आणि मी सत्तरीला टेकलो तरी ते मला जावईबापूच म्हणतात. नागपूरच्या उन्हात वाढलेले दादा तरुणपणी इथे आले आणि निवृत्त होईपर्यंत हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करत राहिले. रुग्णाच्या उशाशी असलेल्या यंत्राचा अलार्म नीट वाजतो की नाही, हे तपासणं त्यांचं मुख्य काम. त्यामुळे बाकीचे लोक गोंगाटाने दचकतात, दादा शांततेने दचकतात. आमच्या घरी जेवताना सगळे घटकाभर गप्प बसले, तरी ते घास हातात धरून म्हणतात, "काय झालं?" एकदा मी विचारलं, अलार्म वाजला की भीती वाटायची का? तर म्हणाले, "वाजला तर ठीक असते, जावईबापू. वाजत नाही तेव्हा जाऊन बघावं लागते."

कॅनडाचं प्रकरण सुरू झालं ते त्यांच्या नातीमुळे. दादांची मुलगी लग्नानंतर कॅलगरीला गेली. तिची मुलगी शाळेत धावण्यात पहिली यायची, तोवर ठीक होतं. मग तिथल्या कुणा प्रशिक्षकाने तिला हेरलं आणि एका लहानशा लोखंडी ढकलगाडीवर पालथं झोपून, डोकं पुढे आणि पाय मागे करून, बर्फाच्या वळणदार पन्हळीतून खाली यायला शिकवलं. या खेळाला स्केलेटन म्हणतात. "खेळाचं नाव सांगाडा ठेवतात," दादा म्हणाले, "म्हणजे त्यांनी आधीच कल्पना देऊन ठेवली आहे." पुढे पोरगी कॅनडाच्या संघात गेली आणि हिवाळ्यात युरोपातल्या शर्यतींना येऊ लागली. आता एका नातीची काळजी कुणीही करील. पण दादांचा हिशेब असा, की हे सगळे खेळाडू एकाच विमानाने येतात, एकाच टेबलावर जेवतात, एकाला सर्दी झाली की सगळ्यांना होणार. त्यामुळे नातीपाठोपाठ सगळा संघ त्यांच्या गळ्यात आला. स्कीवरून हवेत उडी घेणारे, चौघं मिळून एका गाडीत कोंबून बसणारे, स्केटवर गिरक्या घेणारे, सगळे. एखाद्या कॅनेडियन मुलीचा स्केटिंग करताना घोटा मुरगळला, की दादा दोन दिवस स्वतःच लंगडल्यासारखे चालत. एकदा बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईंना त्यांनी त्या घोट्याची सगळी हकिगत सांगितली. बाई हळहळल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या कोण लागतात?" दादा थोडा विचार करून म्हणाले, "नातीची मैत्रीण. म्हणजे असणारच."

आणि हेच दादा स्वतः बर्फाला इतके घाबरतात, की हवामानवाल्याने टीव्हीवर नुसता निळा नकाशा दाखवला तरी बुटांवरून लोकरीचे मोजे चढवतात. मोज्यांमुळे घसरत नाही, असा त्यांचा प्रयोगसिद्ध निष्कर्ष आहे. रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून दाणेदार मीठ टाकणारी गाडी त्यांच्या गल्लीत येत नाही म्हणून त्यांनी कौन्सिलला इतके फोन केले, की पलीकडची बाई त्यांना आवाजावरून ओळखू लागली आणि त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करू लागली. शेवटी त्यांनी स्वयंपाकघरातलं मीठ फाटकापासून दारापर्यंत शिंपडलं. ते पाहून ही म्हणाली, "दादा, दृष्ट काढताय का रस्त्याची?" हे फार लागलं त्यांना. कारण दादा पक्के विवेकवादी. विहारात दर रविवारी वंदनेनंतर बोलायला उभे राहिले, की नवस, ताईत, मुहूर्त, मांजर आडवं जाणं, कुणाचीही गय करत नाहीत. मैत्री भावनेच्या वेळी मात्र थोडी गडबड होते. सर्व प्राणी सुखी होवोत, म्हणून झाल्यावर दादा हळूच पुढे जोडतात, "विशेषतः जे उतारावर आहेत." एकदा एका तरुण सॉफ्टवेअरवाल्याने विचारलं, "काका, मग ब्रिटनच्या टीमचं काय? आपण राहतो इथे." दादा म्हणाले, "तेही सुखी होवोत. जरा मागून."

एवढी काळजी, पण नातीची शर्यत चालू असताना दादा ती पाहत नाहीत. त्यांच्या घरात तर ते टीव्हीच्या आसपास थांबूही शकत नाहीत. म्हणून बऱ्याच वर्षांपूर्वी एक पद्धत पडली. शर्यतीच्या दुपारी दादा आमच्याकडे यायचे, सरळ घरातून मागच्या अंगणात जायचे आणि कचऱ्याच्या काळ्या आणि हिरव्या बिनांच्या मधोमध उभे राहायचे. आत ही टीव्हीसमोर आपली वेताची खुर्ची ओढून बसायची आणि त्यांच्या वतीने पाहायची. नात तळाला पोचली, की ही मागचं दार उघडायची आणि दोनच शब्द बोलायची. "आली खाली." कितवी आली, किती वेळ लागला, काही नाही. मग दादा आत येत, चहा घेत, आणि आता शेवट ठाऊक असल्यामुळे त्याच शर्यतीचं रेकॉर्डिंग मोठ्या धैर्याने पाहत, मधूनमधून मला वळणांची माहितीही देत. हे पाहणं आवश्यकच होतं. कारण संध्याकाळी नातीचा फोन येई आणि ती हमखास विचारी, "आजोबा, बघितलं?" दादा पंचशीलातलं एकही शील मोडत नाहीत, खोटं न बोलण्याचं तर नाहीच. रेकॉर्डिंग पाहून झालेलं असल्याने ते ताठ मानेने सांगू शकत, "बघितलं, पूर्ण बघितलं." एकदा मी म्हटलं, "दादा, तुम्ही पाहिलं म्हणून ती पडणार आहे का? मग ही अंधश्रद्धा नाही का?" ते म्हणाले, "नाही. हा रक्तदाब आहे."

गेल्या हिवाळ्यात एकदा दार उघडलं नाही. मी आत होतो. पडद्यावर गाडी एकीकडे आणि पोरगी एकीकडे घसरत जाताना मी पाहिली. ही उठली, पण दारापाशी जाऊन कडीवर हात ठेवून उभी राहिली. दादांना शांततेचा अर्थ कळतो. खिडकीतून मला दिसलं, त्यांनी हिरव्या बिनाचं झाकण घट्ट धरलं होतं. पोरीने एक हात हलवला, तेव्हाच हिने दार उघडलं आणि त्यांच्याजवळ जाऊन म्हणाली, "दादा, पडली. पण हलतेय." खांद्याचं हाड मोडलं होतं, डोक्याला मार होता. दादांनी फोनवर नातीला म्हटलं, आता पुरे बेटा, सोड. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. ती बरी होत होती तेव्हा ही आजारी पडली. उन्हाळ्यात पोरीचा खांदा सांधला आणि ही गेली.

या हिवाळ्यात ती पुन्हा उतरणार, असं कळलं. मी वाट पाहत होतो, दादा काय करतात याची. शर्यतीच्या दुपारी ते आले, बुटांवर मोजे होतेच. हॉलमध्ये वेताच्या खुर्चीजवळ घुटमळले.

"जावईबापू, यंदा कोण बघणार?"

"मी बघीन."

"जमेल?"

"बसून बघायचं तर आहे."

"ती पण बसूनच बघायची," दादा म्हणाले आणि मागे गेले.

मी खुर्चीत बसलो नाही, शेजारी उभा राहिलो. जर्मन, लॅटव्हियन, ब्रिटिश मुली एकेक करून खाली गेल्या. मग ती आली. हेल्मेटवर दोनदा थापटलं, वाकली, धावत सुटली आणि गाडीवर झेपावली. पहिलं वळण मी पाहिलं. त्यानंतर मी काय केलं हे मला नक्की सांगता येणार नाही. मी मागच्या दारात होतो, दार उघडं होतं आणि थंडी तोंडावर येत होती.

दादांचा चेहरा उजळला. "आली खाली?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"मी बाहेर आलो."

दादांनी माझ्याकडे पाहिलं, मग उघड्या दाराकडे. आत समालोचक जोरजोरात काही बोलत होता आणि प्रेक्षक गायीच्या गळ्यातल्यासारख्या घंटा वाजवत होते.

"काहून आलात बाप्पा? आत कोण आहे मग?"

"कोणी नाही."

"कोणीतरी जायला पाहिजे."

"तुम्ही जा."

"मी कसा जाऊ? माझी जागा इथे आहे."

मी काळ्या बिनाला टेकलो. दोघांपैकी कुणीही हललं नाही. घंटा वाजायच्या थांबल्या. समालोचकही थांबला. दादांनी हिरव्या बिनाचं झाकण धरलं, आणि माझ्या लक्षात आलं, की मीही काळ्याचं धरलं आहे. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. शेजारच्या घरावर एक कबुतर फिरत होतं, तेवढंच.

मग दादांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो काढला, पण लगेच घेतला नाही. व्हिडिओ कॉल होता, पडद्यावर नातीचं नाव. "फोन लावतेय," ते हळूच म्हणाले, "म्हणजे हात चालतोय." मग घेतला. पोरगी धापा टाकत होती, केस घामाने चिकटलेले, मागे लोकांचा कालवा.

"आजोबा, मी चौदावा आली. बघितलं?"

रेकॉर्डिंग पाहायला वेळच मिळाला नव्हता. दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली; या बाबतीत मी मदत करणार तरी काय.

"नाही बेटा," दादा म्हणाले. "नाही बघितलं. कधीच बघत नाही. तू खाली आली की मग बघतो."

मग ती हसायला लागली. "आजोबा, मी पण नाही बघत. डोका वर केला तर स्लो होते. खालीच ठेवायचा. फक्त फील करायचं, नेक्स्ट टर्न कुठे आहे ते."

"म्हणजे तूही बघत नाहीस?"

"ऑलमोस्ट नाही."

"बरं," दादा म्हणाले. त्यांनी डोळे पुसले, थंडीने पाणी आलं की पुसतात तसे. "चौदावी छान आहे. फार पुढे नको जाऊस."

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ उघड्या दाराकडे पाहत राहिले. "तिने नाही बघितलं, मी नाही, तुम्ही नाही," ते म्हणाले. "तरी आली खाली."

हॉस्पिटलात मी हिच्या उशाशी बसून होतो आणि एकदाही नजर हलवली नव्हती. दादा जसली यंत्रं दुरुस्त करत, तसलंच एक पलीकडे होतं. दादांना हे ठाऊक होतं, आणि म्हणूनच असेल, त्यांनी माझ्या कोपराला धरून मला आत नेलं आणि त्या दिवशी चहा त्यांनी केला. फार गोड झाला होता.

त्यानंतर शर्यती होतच आहेत. आता आम्ही दोघंही बिनांपाशी उभे राहतो. बाहेर जाण्याआधी दादा टीव्ही लावतात आणि हिची वेताची खुर्ची त्याच्यासमोर ओढून नीट सरळ करतात. मागचं दार मी नुसतं लोटून घेतो, कडी लावत नाही. मी त्यांना अजून काही विचारलेलं नाही, पण परवा त्यांनी स्वतःच, विहारात बोलतात त्या आवाजात, खुलासा केला. "याला श्रद्धा म्हणत नाहीत, जावईबापू. ड्यूटी तिचीच होती. आपण मधेच काढून कशी घ्यायची?" मी मान हलवली. आत घंटा वाजू लागल्या, आणि आम्ही दोघं लोटलेल्या दाराकडे पाहत उभे राहिलो.