जबड्यानं ऐकणारे नाना

नाना गेले. आता आमच्या घरात कुणाला ओरडायची गरज नाही.

सकाळपासून येणारे-जाणारे सगळे कुजबुजत बोलतायत. मला त्याचाच शीण आलाय.

जन्म गेला माझा वडिलांशी ओरडून बोलण्यात. "नाना, गोळी!" "नाना, कडी लावू नका!" जळगावला आमच्या खाली राहणाऱ्या मारवाडी काकू एकदा आईला म्हणाल्या होत्या, "वहिनी, बाप-लेकीचं रोज एवढं भांडण बरं नाही."

आम्ही तेव्हा भेंडीच्या भाजीबद्दल बोलत होतो.

नाना कॉलेजात झूलॉजी शिकवायचे. गाव धुळ्याकडचं, नोकरी जळगावला. वर्गात शुद्ध मराठी, घरात अहिराणी. आणि डोक्यात कायम एकच विषय. कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या सरपटणाऱ्या प्राण्यांचे दात आणि जबडे.

जेवतानासुद्धा तेच. "त्यास्ना दात चावाले नही, धराले व्हतात."

आई म्हणायची, "आधी तुमना घास चावा."

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी त्यांच्याच वर्गात बी.एस्सी.ला होते. तेव्हाच त्यांना कमी ऐकू यायला लागलं.

धुळ्याच्या डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क वाजवून कानासमोर धरला. नाना ढिम्म. मग तोच कानामागच्या हाडाला टेकवला आणि नाना खुर्चीतून उठलेच.

"ऐकू येतंय की!"

डॉक्टर म्हणाले, "सर, कानातली बारीक हाडं घट्ट झालीयेत. हाडातून आवाज पोचतो, हवेतून नाही. मुंबईला ऑपरेशन होईल, पण खात्री कुणी देणार नाही."

असलेलंही गेलं तर वर्ग जाईल, म्हणून नानांनी ऑपरेशन केलं नाही. परत येताना एसटीत मला म्हणाले, "कानमातला हाडं कोठून उनात, माहीत शे ना तुले?"

माहीत होतं. आमच्या घरात आईलासुद्धा माहीत होतं. जबड्यातून.

पुढे पोरांनी तक्रार केली. सर शंका ऐकत नाहीत, भलतंच उत्तर देतात. खोटं नव्हतं. प्राचार्यांनी सांगितलं, आता म्युझियम सांभाळा, बरण्यांमधले साप-बेडूक बघा. शिकवणं बंद.

नाना दोन दिवस जेवले नाहीत. मग जाऊन एक तास मागून घेतला. म्हणाले, मागे बसून बघा आणि मग ठरवा.

त्या तासाला मी पहिल्या बाकावर होते.

नानांनी प्लास्टरचा जबडा आणला होता. घरीच केलेला. दात म्हणून खडूचे तुकडे रोवलेले, सगळे एकसारखे, कणसाच्या दाण्यांसारखे.

"हा प्राणी चावत नाही. धरतो आणि गिळतो. दात पडला तर नवा येतो, जन्मभर." एक खडू उपटून त्यांनी दुसरा लावला. "खालचा जबडा एका हाडाचा नाही, बऱ्याच हाडांचा. पुढे याच्या वंशात दात वेगवेगळे झाले, चावणं आलं. दातांचं हाड मोठं झालं. मागची हाडं बारीक होत होत कानात गेली. त्याआधी हे प्राणी जमिनीला जबडा टेकवून ऐकत असावेत, असं मानतात. चला, ऐकू या."

प्रॅक्टिकलच्या लांब टेबलावर सगळ्या वर्गानं जबडा टेकवला. प्राचार्यांनीही, टाय सावरून. दुसऱ्या टोकाला मी नखानं लाकूड खरवडलं.

नानांचाही जबडा टेबलावर होता. डोळे मिटलेले. ते हसत होते.

उठून म्हणाले, "माझ्या कानातली हीच हाडं बिघडली आहेत. मी बहिरा होतोय. ज्याला शंका असेल त्यानं जवळ येऊन ओरडावं. त्यात अपमान माझाही नाही, तुमचाही नाही."

हे त्यांनी पहिल्यांदाच कबूल केलं. आमच्यासमोरसुद्धा कधी केलं नव्हतं.

प्राचार्य टाय झटकून निघून गेले. पण वर्ग नानांकडेच राहिला, रिटायर होईपर्यंत. पोरं पुढे येऊन ओरडायची. घरी मी.

पुढचं काय सांगू. आई गेली. नानांची बत्तीशी गेली, कवळी आली. कानाचं मशीन आलं, ते सतत शिट्ट्या मारायचं. या शेवटच्या महिन्यात त्यांनी दोन्ही काढून ठेवली.

मी ओरडायचे आणि ते छताकडे बघायचे. गेल्या आठवड्यात घसा बसला. आवाजच फुटेना.

परवा दुपारी त्यांना कूस बदलून देताना माझी हनुवटी त्यांच्या जबड्याला टेकली. मी स्वतःशीच पुटपुटले, "नाना, थकले हो मी."

त्यांनी डोळे उघडले.

"थकी गई ना माय तू?"

मी इतकं हळू बोललेलं. ऐकू गेलं होतं त्यांना.

मी तशीच राहिले, जबड्याला जबडा लावून. इतकी वर्षं हे सुचलं कसं नाही? वर्गात टेबलाला जबडा टेकवायला नाना लाजले नाहीत. पण मोठ्या झालेल्या लेकीनं बापाच्या गालाला गाल लावायची आमच्यात रीत नाही. म्हणून ओरडत राहिलो.

मग नाना म्हणाले, "जप आते. मी जागा शे."

आणि मी खरंच झोपले, त्यांच्या उशाशी, डोकं टेकून. कित्येक दिवसांनी.

त्यानंतर ते बोलले नाहीत. आज पहाटे गेले.

न्यायच्या आधी सगळ्यांना जरा बाहेर थांबायला सांगितलं. वाकून त्यांच्या जबड्याला जबडा लावला आणि सांगायचं ते सांगितलं. अजिबात न ओरडता.

नाना, जपा आते. मी जागी शे.