कडुलिंबाची शिदोरी

बुद्धभूषणच्या दुकानात कडक भाकरी घ्यायला जायचं तर आता डबा घेऊन जावं लागतं. विसरलात तर तो स्वतःचा पत्र्याचा डबा देतो, परत आणायचं वचन घेतो आणि वर म्हणतो, "डबा बुडवला तरी चालंल, पन भाकरी पिशवीत भरनार न्हाय. एकदा भरलीय. आजून लोक इचारत्यात." सोलापुरातल्या त्या गल्लीत ती हकिकत ठाऊक नाही असा माणूस नाही, कारण ती सगळ्यात जास्त वेळा सांगणारा तोच आहे. आपली फजिती दुसऱ्यानं सांगितली की तो तिला तिखटमीठ लावतो. त्यापेक्षा आपणच सांगावी, म्हणजे तिखट किती घालायचं ते आपल्या हातात राहतं, असं त्याचं मत आहे.

धंदा मुळात बायकोचा. प्रतिक्षा नातेपुत्याकडची. ज्वारीची भाकरी ती अशी पातळ थापते की बघणाऱ्याला वाटावं, आता फाटेल. मग तव्यावर भाजून मंद आचेवर ती कडक करायची. हातात मोडली की कडाड असा आवाज आला पाहिजे. आवाज नाही आला तर ती भाकरी प्रतिक्षा घरात ठेवून घेते, गिऱ्हाइकाला देत नाही. टॉवेलच्या कारखान्यातली नोकरी गेली तेव्हा बुद्धभूषण या धंद्यात शिरला. शिरला म्हणजे काय, तर भाकरी प्लास्टिकच्या पिशवीत भरायच्या, वर 'प्रतिक्षा कडक भाकरी' असं लेबल चिकटवायचं, खाली आपला फोन नंबर छापायचा आणि पुढं खुर्ची टाकून मालक दिसायचं. मालक दिसायचं काम त्याला फार चांगलं जमलं.

त्या फोन नंबरनंच घात केला. एका पावसाळ्यात सकाळी सकाळी फोन आला.

"प्रतिक्षा कडक भाकरी का?"

"बोला साहेब. किती पायजेत?"

"एक पन नको. तुमच्याच पिशव्या आमच्याकडं लई झाल्यात. चौकातलं गटार तुंबलंय, जरा येऊन बघा."

बोलणारा सफाईचा मुकादम होता. बुद्धभूषण गेला. गटारातून काढलेल्या गाळाचा ढीग रस्त्याच्या कडेला पडला होता आणि त्यात जिथं बघावं तिथं त्याचं लेबल. काळ्या चिखलात बायकोचं नाव. चार माणसं उभी राहून ते वाचत होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिच्या हाताच्या जिवावर आपण खुर्चीत बसतो तिचं नाव आपण गटारात घातलं, हे त्याला आतून लागलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. लाज वाटणं चांगलंच. पण बुद्धभूषणला नुसती लाज वाटून भागत नाही, लगेच अक्कलही सुचते.

त्यानं मोबाईलवर व्हिडिओ बघायला सुरुवात केली आणि आठवड्याभरात तो पर्यावरणाचा जाणकार झाला. आंघोळीचं पाणी मोरीत सोडायचं नाही, बादलीत धरायचं आणि त्यानं फरशी पुसायची, असं त्यानं जेवताना जाहीर केलं. प्रतिक्षानं ताटातून मान वर केली नाही. "नळाला पानी चार-पाच दिसातनं येतंय आपल्या. मी लग्न होऊन आल्यापासनं हेच करतेय. तुमाला आज दिसलं व्हय?" मग पुढच्या मे महिन्यात त्यानं कूलर बंद केला. भर दुपारी ओला पंचा अंगावर टाकून तो फरशीवर पडला आणि निसर्गाशी जुळवून घेतल्याचं सांगू लागला. तिसऱ्या दिवशी प्रतिक्षानं कूलर लावला आणि निसर्गाशी जुळवून घेणारा माणूस सरपटत त्याच्यापुढं जाऊन पडला. मोटारसायकल सोडून तो सायकलवरून भाकरी पोचवायला लागला. सोलापूरच्या रस्त्यांवरून भाकरी पोचली खरी, पण भुगा होऊन. गिऱ्हाइकानं विचारलं, "हे आमटीत घालायचं का कोंबड्यांना?"

एक गोष्ट मात्र जमली. भाकरी शेवटी वाळवायला गॅस जाळण्याऐवजी त्यानं गच्चीवर जुनी मच्छरदाणी ताणली आणि खाली भाकरी उन्हात मांडल्या. आमच्याकडच्या उन्हाला काही शिकवावं लागत नाही. भाकरी अशा खणखणीत झाल्या की प्रतिक्षासुद्धा म्हणाली, "चांगलं डोस्कं चाललं की." हे वाक्य तिनं बोलायला नको होतं. त्या दिवसापासून बुद्धभूषणला स्वतःचा धाक राहिला नाही.

दसरा जवळ आला. दरवर्षी गल्लीतून नागपूरला दीक्षाभूमीवर बस जाते. बस येसूबाई नेतात. सरकारी दवाखान्यात आया म्हणून उभा जन्म काढलेली बाई. तिच्या आवाजाला ड्रायव्हरही दचकतो. बसची शिदोरी म्हणजे प्रतिक्षाची कडक भाकरी आणि शेंगाचटणी, हे ठरलेलं. प्रतिक्षा भाकरी भाजायची, गाठोडी बांधायची, बसमध्ये चढवायची आणि दारात उभी राहून हात हलवायची. बस वळली की परत तव्यापुढं, कारण दसऱ्याचं बाकीचं गिऱ्हाईक असायचं. सगळी गल्ली तिची भाकरी खात नागपूरला जाऊन आली होती. ती कधीच गेली नव्हती.

त्या वर्षी येसूबाईंनी तिला दटावलं, "औंदा तू बी चल. तुझ्याबिगर बस हालनार न्हाय." प्रतिक्षानं पांढरी साडी आणली. आणि बुद्धभूषणनं छातीवर हात मारून सांगितलं, "भाकरी तू कर. बांधायचं माझ्यावर सोड. यंदा प्लास्टिकची एक पिशवी बसमदी चढनार न्हाय. तू नुसती साडी नेसून बस." ती बरं म्हणाली.

चादरीच्या कारखान्यातून त्यानं उरलेले तुकडे आणले, शिंप्याकडून त्यांच्या पिशव्या शिवून घेतल्या. जाड, सुंदर, रंगीत पिशव्या. आणि तिथं त्याला आई आठवली. मोडनिंबजवळच्या त्याच्या गावी आई ज्वारीच्या कणगीत कडुलिंबाचा पाला घालायची. वर्षभर किडा शिरायचा नाही. हे आपल्या मातीतलं शहाणपण, कुठल्या व्हिडिओत नसलेलं! त्यानं झाडावर चढून हिरवागार पाला उतरवला आणि पिशवीच्या तळाला आणि कडेनं खाली दाबून असा सढळ हातानं भरला. आई तो पाला आधी सावलीत खडखडीत वाळवायची आणि मगच घालायची, हे त्याला माहीत नव्हतं. कारण वाळवायचं काम आईचं होतं, त्याच्या वाट्याला फक्त झाडावर चढायचं काम असायचं. शिवाय कणगीतली ज्वारी धुऊन, दळून खातात आणि भाकरी थेट तोंडात जाते, एवढाही विचार त्याला शिवला नाही. दोन दिवस पिशव्या तोंडं आवळून ठेवल्या. परतीचा पाऊस पडत होता, हवा दमट. त्यानं त्या उघडून पाहिल्या नाहीत. उलट, जेवणाच्या वेळी बसमधल्या मंडळींपुढं पर्यावरणावर चार शब्द बोलायची परवानगी येसूबाईंकडून आधीच मागून ठेवली.

बस पहाटे सुटली. प्रतिक्षा खिडकीशी बसली होती. लातूर मागं पडेपर्यंत ती बाहेरच बघत होती आणि मधूनच उगाच हसत होती. दुपारी एका चहाच्या टपरीपाशी सावली बघून बस थांबली. सतरंज्या पसरल्या, पिशव्या उघडल्या. मान म्हणून पहिली भाकरी येसूबाईंना दिली. त्यांनी ती मोडायला घेतली. भाकरी मोडली नाही, वाकली. सादळून चामड्यासारखी चिवट झाली होती. त्यांनी तुकडा ओढून तोडला, चटणीत बुडवला, तोंडात घातला आणि त्यांचं तोंड कसनुसं झालं.

"प्रतिक्षा, काय घातलंस गं ह्यात?"

मग सगळ्यांचीच तोंडं वाकडी झाली. कुणी म्हणालं, ज्वारी जुनी असेल. कुणी म्हणालं, धंदा वाढला की हात बिघडतो, चालायचंच. प्रतिक्षानं एक भाकरी हातात घेतली, दुमडून कानाशी धरली. आवाज नाही. तिचे कान लाल झाले. ती पांढऱ्या साडीचा पदर नुसता बोटाला गुंडाळत राहिली.

पाला बुद्धभूषणनं भरला हे कुणी पाहिलेलं नव्हतं आणि खाली दबलेला पाला अजून कुणाच्या नजरेला आला नव्हता. गप्प बसला असता तर ज्वारीवर भागलं असतं. तसा विचार त्याच्या मनात येऊनही गेला. पण त्या पदराकडं बघून त्याला ते गटार आठवलं. एकदा तिचं नाव चिखलात गेलं होतं ते पुरे झालं. भाषणाची परवानगी होतीच. तो उभा राहिला.

"जय भीम मंडळी. भाकरी प्रतिक्षाची हाय आन तिच्यात काय बी खोट न्हाय. कडूपना माझा हाय. किडं लागू नयेत म्हनून मी पाला घातला. वल्ला."

"कसला पाला?" मागून कुणीतरी ओरडलं.

बुद्धभूषणनं वर बोट केलं. बस ज्याच्या सावलीला थांबली होती ते झाड कडुलिंबाचंच होतं. सगळ्यांनी वर पाहिलं, मग खाली पिशवीत, आणि मग जो हशा उसळला त्यानं टपरीवाला बाहेर आला.

"आरं लेकरा," येसूबाई डोळे पुशीत म्हणाल्या, "दोन दिसात भाकरीला किडं पडत्यात व्हय? ती चळत तू पेरायला ठेवलीतीस का? ऊठ. त्या चहावाल्याकडनं तवा माग. एकूण एक भाकरी तू भाजायची."

भर दुपारी, स्टोव्हच्या धगीत, पर्यावरणाचा जाणकार घामानं निथळत भाकरी शेकत बसला. चळतीच्या मधल्या भाकरी शेकल्यावर पुन्हा कडाड वाजायला लागल्या. लोक जेवले, चटणीची तारीफ झाली, प्रतिक्षाच्या हाताचं नाव निघालं. पाल्याला चिकटलेल्या कडेच्या भाकरी मात्र सुधारल्या नाहीत. त्या त्यानं गाईला टाकायला म्हणून बाजूला काढल्या.

हात पुसून तो वळला तर प्रतिक्षा त्याच ढिगाशी बसून खात होती.

"अगं, त्या कडू हायत. हिकडं चांगल्या ठेवल्यात की तुझ्यासाठी."

"ठावं हाय." ती चावत राहिली. "अवो, लग्न झाल्यापासनं जगाची शिदोरी मी बांधली. मला कुनी कवा बांधून दिली न्हवती. हीच पयली. मग कडू तर कडू."

बुद्धभूषण तिच्याशेजारी बसला, तिच्या हातातली अर्धी भाकरी घेतली आणि खाल्ली.

भयंकर कडू होती.