गाळलेल्या ओळी

दुपारी दीड ते चार मासळीबाजारात गिऱ्हाईक नसतं. सकाळचं येऊन गेलेलं असतं आणि संध्याकाळचं अजून ऑफिसात असतं. बर्फ वितळत असतो, मांजरी झोपलेल्या असतात, बायका भिंतीला टेकून डुलक्या काढतात. घाटकोपरच्या या बाजारात मी लग्न झाल्यापासून बसते. त्यातली साडेतीन वर्षं मी या वेळात डुलकी काढली नाही, पुस्तक वाचलं. ते दिवस मला परत हवेत. ते येणार नाहीत हे मला कळतं, तरी हवेत.

पुस्तक माझं नव्हतं, नातीचं होतं. ती बी.ए. करत होती.

आम्ही माहुलगावचे. मुलगा खाडीत जातो, पण खाडीत आता घर चालेल इतकं मिळत नाही. सून पहाटे धक्क्यावरून माल आणते, त्यातला अर्धा मला देते आणि अर्धा घेऊन चेंबूरला दारोदार फिरते. माझं ठीक चाललं होतं, पण संधिवातानं माझी बोटं वाकडी झाली आणि हातात कोयता धरवेना. पूर्वी लोक अख्खा मासा घरी न्यायचे. आता साफ करून द्या, तुकडे करा, डोकं नको, शेपूट नको. कापायला कोणी नसेल तर गिऱ्हाईक शेजारणीकडे जातं. म्हणून नात यायला लागली. सकाळी सात ते अकरा कॉलेज, साडेअकराला बाजारात, रात्री आठपर्यंत माझ्याबरोबर. घरी गेली की जेवायची आणि ताटावरच पेंगायची. रविवारी सुट्टी म्हणावी, तर बाजाराला रविवारीच सगळ्यात जास्त गर्दी.

मग अभ्यास कधी करायचा? दुपारी. पण दुपारी तिला कोळंबी सोलायची असायची. ऑफिसातून परतणाऱ्या बायकांना सोललेली कोळंबी लागते. चार-पाच किलो रोज. कोळंबीच्या रसात हात बुडाले की पान उलटता येत नाही. मोबाईलमध्ये स्वतःचा आवाज भरून तिनं ऐकून पाहिलं. पाच मिनिटांत मान पडायची. शेवटी एक दिवस तिनं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं गाईड माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "आजी, तू वाच. तुला येतं ना?"

मला येत होतं. चौथीपर्यंत शिकले होते. पाचवीत बसायच्या आधी आईला धाकटं झालं आणि माझी शाळा संपली. त्यानंतर बसची पाटी, लग्नपत्रिका, रेशनकार्ड, एवढंच वाचलं. पण अक्षर विसरले नव्हते. बोट ठेवून ओळीवरून सरकायची. सुरुवातीला एक पान वाचायला अर्धा तास लागायचा. ती सोलता सोलता ऐकायची, मग न बघता म्हणून दाखवायची. मी चुकले की हसायची, त्यामुळे तिला झोप येत नव्हती. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमी-नवमीच्या आसपास पाण्याला जोर नसतो तेव्हा, मुलगा थोडीच कोळंबी पाठवायचा. मग सोलणं लवकर आटपायचं आणि एक धडा जास्त व्हायचा. माहुलात बाकी कोणी भांग आला म्हणून खूश होत नसेल. मी व्हायची.

पदवीचं मला स्वतःला फार कौतुक नाही. पदवीवाले रोज माझ्यासमोर येतात आणि मांदेलीला बोंबील म्हणतात. पण पोरीला सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसायचं होतं, आणि पदवीधर झाल्याशिवाय तिला हवा होता तो फॉर्मच भरता येत नाही. बारावीपासून तिचं तेच चाललं होतं. पाण्याच्या पिंपावर तिनं त्या परीक्षेची कात्रणं चिकटवली होती. ओलीनं ती सुटायची, पोरगी पुन्हा चिकटवायची.

आता चूक सांगते. पहिल्याच आठवड्यात 'सार्वभौमत्व' असा शब्द आला. मी 'सा' म्हटलं आणि अडकले. पुन्हा 'सार' म्हटलं आणि अडकले. शेजारी बसणारी माझ्याच वयाची चिंबोरीवाली आहे, ती मोठ्यानं म्हणाली, "काय गो, घशात काटा गेला का? भात दे तिला कोणी." बायकांची सगळी रांग हसली. नातही हसली. मीही हसले, पण मला लागलं. इतक्या वर्षांत त्या बाजारात माझ्या तोंडाला कोणी लागलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी गाळायला लागले. पुढच्या ओळीत जोडाक्षरांचा लांबलचक शब्द दिसला की ती ओळ सोडून द्यायची. आधीचं आणि नंतरचं जुळत नसेल तर मध्ये एक 'आणि' घालायची. मी सराईत झाले. न अडखळता वाचते म्हणून चिंबोरीवालीनं एकदा कौतुकही केलं. नातीला कळायचं कारण नव्हतं, तिचे डोळे कोळंबीवर असायचे.

पहिली दोन वर्षं ती काठावर पास होत गेली. कॉलेजात ऐकलेलं थोडंफार डोक्यात असायचं, त्यावर निभावलं. तिसऱ्या वर्षाला राज्यशास्त्र आलं. त्यात सगळी जोडाक्षरंच. बाकीचे विषय सुटले, त्या एका पेपरात केटी लागली. पुन्हा दिला, पुन्हा गेला. घरी कोणी ओरडलं नाही. ती मात्र गप्प झाली. गिऱ्हाईकाशी चेष्टा करायची, ती बंद.

दुसऱ्यांदा गेल्यावर तिनं उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवली. ती आली त्या दुपारी तिनं कागद माझ्यापुढे टाकले. म्हणाली, "बघ. पाच मुद्द्यांतले तीनच लिहिलेत. सगळं ऐकलेलं गं मी. मग कुठे जातं?" आणि कोळंबी ओढून सोलायला बसली.

मी तिचं अक्षर वाचायला लागले. पहिला मुद्दा, मग दुसरा, मग 'आणि', मग एकदम चौथा. त्या 'आणि'खाली तपासणाऱ्यानं लाल रेघ मारली होती आणि बाजूला प्रश्नचिन्ह काढलं होतं. पुढच्या पानावर तसंच. पोरीनं एक अक्षर विसरलेलं नव्हतं. मी वाचलं होतं तसंच्या तसं लिहिलं होतं, माझे 'आणि' धरून.

मी कागद घडी करून परत दिले.

त्याच आठवड्यात एका मॉलमधून विचारणा झाली होती. मासळीच्या काउंटरवर कापायचं काम, टोपी, हातमोजे, दिवसभराची ड्युटी. तिचा हात बघून कोणीतरी नाव सुचवलं होतं. तिथे कॉलेज नाही की परीक्षेची रजा नाही. ती म्हणाली, एक तारखेपासून जाते. तिच्या आईनं विचारलं, आणि शिक्षण? त्यावर म्हणाली, माझं डोकंच नाही ते, हात चालतो तेवढं बास. पिंपावरची कात्रणं तिनं काढली. रागानं नाही काढली, पाणी लावून नीट काढली. ते बघून मला जास्त भीती वाटली.

तरी मी चार दिवस गप्प बसले. नातीचं आयुष्य एका बाजूला आणि माझी फुकटची अब्रू एका बाजूला, आणि मी चार दिवस अब्रू धरून बसले. वय झालं की माणूस शहाणा होतो असं मला वाटत नाही.

पाचव्या दुपारी ती सोलत होती. मी म्हटलं, "डोकं ठीक आहे तुझं. मी गाळत होते."

"काय गाळत होतीस?"

"वाचताना. अवघड शब्द आला की ओळ सोडायची. 'आणि' म्हणून पुढे जायची."

तिचे हात थांबले. तिनं हात धुतले, पिशवीतून ती फोटोकॉपी काढली आणि उभ्या उभ्या बघितली. लाल रेघ मारलेल्या 'आणि'वर बोट ठेवलं.

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून."

"तीन वर्षं?"

मी हो म्हटलं. चिंबोरीवाली जागी होती, पण त्या दिवशी खाली मान घालून चिंबोऱ्यांच्या नांग्या बांधत राहिली.

"विचारायचंस ना गं," नात म्हणाली. "एक शब्द विचारला असतास तर काय तुझी पाटी फोडली असती मी?"

"तू हसली असतीस."

"हसलेच असते. मग सांगितलं असतं."

ती निघून गेली. संध्याकाळचं गिऱ्हाईक आलं, मला कापता येईना, बहुतेक सगळं शेजारी गेलं. मी कोणाला हाक मारली नाही. दोन दिवस ती बाजारात आली, काम केलं, माझ्याशी बोलली नाही. 'आजी, सुट्टे दे' एवढंही नाही, स्वतः वाकून डब्यातून घ्यायची.

तिसऱ्या दुपारी गाईड माझ्या मांडीवर आलं, वर एक पेन्सिल. म्हणाली, "खुणा कर. जिथे जिथे गाळलंस तिथे."

मला प्रत्येक जागा माहीत होती. जिथे लाज वाटली ती जागा मी विसरत नाही. तीन दुपारी मी खुणा करत होते. पानंच्या पानं काळी झाली. ती बघून नात म्हणाली, "म्हातारे, यात माझ्या वाट्याला ठेवलंस तरी काय?" म्हातारे म्हणाली, तेव्हा मला हायसं वाटलं. मॉलवाल्यांना तिनं पुढचा पेपर होईपर्यंत, चार महिने, थांबता का विचारलं. ते कशाला थांबतात. त्यांनी दुसरी मुलगी घेतली. म्हणजे आता पास झाली नाही तर तेही नाही आणि हेही नाही. हे माझ्यामुळे झालं होतं आणि आम्हा दोघींना ते माहीत होतं, म्हणून त्यावर बोलणं झालं नाही.

नंतरच्या त्या चार महिन्यांसाठी माझा जीव अजून तुटतो. अडले की थांबायचं, असा हुकूम होता. मी थांबायची. ती सोलता सोलता म्हणायची, सुरमई कापतेस तसं काप. आधी डोकं वेगळं कर, मग मधले तुकडे, शेपूट शेवटी. वि-केंद्री-करण. असे तुकडे केले की तो शब्द मऊ व्हायचा. मग अर्थ विचारायची मुभा होती. मी इतके अर्थ विचारले की ती वैतागायची, पण सांगता सांगता तिचंच पक्कं व्हायचं. हळूहळू आजूबाजूच्या बायका ऐकायला लागल्या. चिंबोरीवाली तर कोणाची पाटी तिच्या जागेत सरकली की म्हणायची, "ए, विकेंद्रीकरण कर तुझ्या बोंबलांचं." एकदा दोन सभागृहं कशाला हवीत यावर एवढा वाद झाला की समोर उभं असलेलं गिऱ्हाईक कोणाला दिसलंच नाही. मी त्या वयात, बर्फाच्या पाण्यात पाय घेऊन, शाळेत बसले होते. मला पाचवी मिळाली नाही, ती अशी मिळाली. हे मी कोणाला सांगितलं नाही, नातीलाही नाही.

पेपरच्या दिवशी ती सकाळीच गेली. दुपारी आली, कपडे बदलले, कोळंबी ओढली. मी विचारलं नाही. तीच म्हणाली, पाचही मुद्दे लिहिले.

निकाल मोबाईलवर आला तेव्हा ती पापलेट कापत होती. मोबाईल चिंबोरीवालीच्या मुलीनं तिच्या डोळ्यांपुढे धरला. ती सुटली होती. तिनं मासा पूर्ण कापला, पिशवीत भरून दिला, मग मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, "झालो गं आपण." सगळ्या बायका जमा झाल्या. मी हसत होते. पण खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की उद्या दुपारी काय वाचायचं?

दुसऱ्या दिवशी काहीच नव्हतं. दोन महिन्यांत तिला अंधेरीला एका ऑफिसात काम मिळालं. आता ती खुर्चीवर बसते, वासाचा साबण वापरते, त्या सरकारी परीक्षेची पुस्तकं येता-जाता स्वतः वाचते. तिला कोणी वाचून दाखवायची गरज नाही. हेच व्हायला हवं होतं, आणि ते मी बिघडवत होते, म्हणून मला तक्रार करायचा हक्क नाही. कापायला आम्ही एक बाई ठेवली आहे. कामाला चांगली आहे. दुपारी झोपते.

मी एकदा ते राज्यशास्त्र घेऊन एकटीच बसले. आता एकही ओळ गाळावी लागत नाही. पण दोन पानांनंतर बंद केलं. समोर कोणी सोलत नसेल, चुकल्यावर हसत नसेल, तर नुसतं वाचून मला काही मिळत नाही. बायकांना म्हटलं, वाचू का, तर त्या म्हणाल्या, आता कशाला गो, पोरगी पास झाली ना.

परवाच्या रविवारी नात माझी नखं कापत होती. माझ्या बोटांनी मला नखं कापता येत नाहीत. मी म्हटलं, "एम.ए. कर."

"कशाला? त्या परीक्षेला बी.ए. पुरतं."

"परीक्षेसाठी नको करू."

"मग कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

तिनं मान वर केली. हसेल असं वाटलं होतं, हसली नाही. म्हणाली, आजी, ऑफिस सातला सुटतं, अंधेरीहून घरी यायला दोन तास लागतात, मी बाजारात कधी बसू?

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "होणार नाही हेही माहीत आहे. पण या वेळी तीन वर्षं गप्प बसायचं नव्हतं."

तिनं उरलेलं नख कापलं. हात हातात धरून बसली थोडा वेळ. मग दुसरा हात मागितला.